पडीक, माळ आणि राखण : सोलापूरच्या माळरानाच्या शब्दव्यवहाराची चिकित्सा

धोक्यात आलेली नैसर्गिक स्थळे सरकारने केवळ राखीव म्हणून घोषित करण्यापेक्षा स्थानिक मंडळींच्या हाती पैसा द्यावा, आणि त्यांनी ती जमीन विकत घेऊन सांभाळावी, हा विचार आता जगात बराच रुळला आहे. त्याची परंपराही जुनी आहे. इंग्लंडातील नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९५ मध्ये स्थापन झाली आणि १८९९ मध्ये तिने केंब्रिजशायरमधील विकन फेन या दलदलीतील दोन एकरांचा तुकडा दहा पौंडांना विकत घेतला. १९८९ मध्ये निघालेली वर्ल्ड लँड ट्रस्ट ही संस्था तर निरनिराळ्या देशांतील स्थानिक संस्थांना अशा खरेदीसाठी निधी पुरविते. जमीन त्या त्या संस्थेच्या नावे होते. मराठीत या विचाराची मांडणी ‘स्थानिक गटांना निधी देऊन संकटग्रस्त अधिवासांची खरेदी’ अशा काहीशा वाक्याने होते. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तथापि सोलापूर जिल्ह्यातील माळावर ते नेऊन ठेवले, म्हणजे त्यातील बहुतेक प्रत्येक शब्द डळमळू लागतो. हे डळमळणे केवळ परिभाषेचे असते, तर त्याची दखल घेण्याचे विशेष कारण नव्हते. परंतु ज्या नावाने जमीन ओळखली जाते त्या नावानेच तिची किंमत ठरते. आणि सोलापूरच्या माळाच्या बाबतीत ही किंमत एका पक्ष्याने चुकती केलेली आहे.

हा पक्षी माळढोक होय. सोलापूरच्या उत्तरेस नान्नज, मार्डी, अकोलेकाटी या गावांच्या परिसरातील माळढोकांकडे सोलापूरचे निसर्गनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० नंतरच्या काळात लक्ष वेधले. १९७९ मध्ये शासनाने माळढोक अभयारण्य घोषित केले. त्याचा विस्तार सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांतील तालुक्यांवर पसरलेला होता. क्षेत्रफळ सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावे होती, पेठा होत्या, ऊस होता, रस्ते होते. वनखात्याच्या मालकीची जमीन मात्र विखुरलेल्या तुकड्यांपुरती. २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. दरम्यान पक्षी घटत गेला. आज देशात माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास सांगितली जाते आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला तो दिसणे ही आता बातमी होते. एका विणीत बहुधा एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याला तीस वर्षांचा घोळ परवडत नाही.

प्रथम पक्ष्याच्या नावाचाच विचार करू. ढोक हा शब्द मराठीत बलाक जातीच्या, लांब पायांच्या मोठ्या पक्ष्यांना लावतात. तेव्हा माळढोक म्हणजे माळावरचा ढोक. गंमत अशी की शास्त्रीय नावात ज्या ‘आर्डिओटिस’ या शब्दाने या कुळाचा निर्देश होतो, त्यातही ‘आर्डिआ’ म्हणजे बगळा आणि ‘ओटिस’ म्हणजे माळपक्षी, अशी जोडणी आहे. युरोपीय पक्षिशास्त्रज्ञाला आणि मराठी शेतकऱ्याला हा पक्षी एकाच दृष्टीने दिसला. फरक पडतो तो पुढे. लॅटिन नावाचा दुसरा घटक पक्ष्याच्या काळ्या माथ्याचे वर्णन करतो. मराठी नाव पक्ष्याचे रूप बाजूला ठेवून त्याची जागा सांगते. मराठीत त्याचे ‘हूम’ असेही एक नाव आहे, ते त्याच्या आवाजावरून पडलेले. म्हणजे नराची साद आणि माळ, एवढ्या दोन खुणांवर मराठी भाषकांनी हा पक्षी ओळखला. पैकी पहिली खूण पक्ष्याबरोबर जाते. दुसरी त्याच्याआधी गेली.

ती कशी गेली हे समजण्यासाठी ‘जंगल’ या शब्दाचा इतिहास उपयोगी पडतो. आयुर्वेदाच्या संहितांत देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. आनूप म्हणजे पाणथळ, दाट वनस्पतींचा प्रदेश. जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडीचा, हरणे आणि तित्तिर-लाव्यासारखे पक्षी जेथे वावरतात असा प्रदेश. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विभागणीचा सविस्तर मागोवा घेतला आहे. या वर्णनाने सोलापूरचा माळ हा जांगल देशाचा जवळजवळ नमुनाच ठरतो : पाऊस वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर, उथळ मुरमाड जमीन, कुसळी, पवन्या आणि मारवेल यांचे गवत, मधूनच बोरी-बाभळी. पुढे हाच शब्द देशी भाषांतून फिरत, इंग्रजीत जाऊन परत येत, दाट झाडीचा वाचक झाला. अर्थांतराची अशी उदाहरणे भाषेच्या इतिहासात शेकड्यांनी सापडतात आणि त्यांबद्दल खेद करणे हे भाषाभ्यासकाचे काम नव्हे. परंतु या अर्थांतराचा एक परिणाम नोंदविण्याजोगा आहे. मोकळ्या तृणभूमीला निसर्गाचे म्हणून जे एक प्रतिष्ठित नाव होते ते तिच्याकडून निघून झाडीकडे गेले, आणि तृणभूमी निनावी राहिली. निनावी जागेला महसूल खात्याने नाव दिले.

महसुली मराठीत माळाला नाव आहे ते अभावाचे. सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य जमीन ‘पोटखराबा’ म्हणून मांडतात आणि तिच्यावर आकार बसत नाही. पिकांच्या नोंदीत ‘चालू पड’ आणि ‘कायम पड’ हे शब्द येतात. सामान्य बोलीत ‘पडीक’. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे : जमीन काय आहे हे त्यांतून कळत नाही, ती काय नाही एवढेच कळते. खराबा म्हणजे जी चांगली नाही ती. पड म्हणजे जी उभी नाही ती. महसुलाच्या दृष्टीने यात गैर काही नाही, कारण ज्या जमिनीतून कर यावयाचा तिचाच तपशील त्या व्यवस्थेला हवा असतो. दोष पुढच्या पायरीवर होतो. केंद्र शासनाने २००० मध्ये देशातील पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह प्रथम प्रसिद्ध केला, त्यात झुडपी आणि खुरटी माळराने पडीक जमिनींच्या वर्गात मोजली गेली, आणि पुढील आवृत्त्यांतही हा वर्ग राहिला. करासाठी बनविलेला शब्द अशा रीतीने भूगोलाचा शब्द झाला, आणि भूगोलाचा शब्द होताच तो योजनेचा शब्द झाला. कारण पडीक म्हटले की ते ‘विकसित’ करणे ओघानेच येते.

नान्नजलाच याचे दोन्ही टोकांचे उदाहरण सापडते. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली चराई थांबवून राखलेल्या काही तुकड्यांत गवत वाढले आणि माळढोक त्यांचा उपयोग करू लागले; पुढे तशाच तुकड्यांत गिरिपुष्पाची लागवडही झाली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी १९८० नंतरच्या दशकात नान्नजला दीर्घ निरीक्षणे केली. तृणभूमीत झाडे लावणे हे माळढोकाला उपकारक नसून अपायकारक आहे, हे त्यांनी वारंवार मांडले. मराठीत ‘वृक्षारोपण’ हा शब्द कानाला मंगल वाटतो. गवत राखण्याला तसा एकही समारंभी शब्द नाही. कोणत्याही मंत्र्याने कुसळीच्या बियांची मूठ माळावर भिरकावून छायाचित्र काढून घेतल्याचे कोणाच्या स्मरणात नसावे.

दुसरे टोक द्राक्षांचे. ज्या नान्नजच्या नावाने माळढोक ओळखला जातो त्याच नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ ही द्राक्षाची जात विकसित केली, आणि ती महाराष्ट्रभर पसरली. एकाच गावाच्या शिवारात देशातील एक अतिदुर्मीळ पक्षी आणि एक अतिशय किफायतशीर फळ नांदत होते. द्राक्षाच्या एकराची किंमत बाजार ठरवीत होता. गवताच्या एकराची किंमत शून्य आहे हे सातबारा सांगत होता. अशा स्थितीत शेतकऱ्याने माळ फोडून तेथे विहीर आणि मांडव उभा केला, तर त्यात त्याचा अविवेक कोणता? अविवेक असलाच तर तो ज्यांनी गवताला किंमत असल्याचे भाषणांत सांगितले पण ती कधीच दिली नाही त्यांचा होय.

येथे मराठी साहित्याकडे वळणे प्राप्त आहे, कारण गवताला नाव देण्याचे काम महसूल खात्याकडून काढून घेऊ शकेल असे दुसरे खाते साहित्याचेच. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये ग्रंथरूपाने आली. तिची भूमी औंध संस्थानातील माणदेश. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा माणदेशाचाच पट्टा. या कादंबरीतील माळ हा निसर्गचित्राचा विषय नाही. तो धनगरांच्या कामाची जागा आहे. मेंढरे तेथे चरतात म्हणून गाव तेथे आहे, आणि दुष्काळाने चारा संपला म्हणजे गाव उठते. माळ आणि माणूस यांचा हा संबंध मराठीत इतक्या नेमकेपणाने क्वचितच आला असेल. परंतु समीक्षकांनी ‘बनगरवाडी’ वाचली ती प्रामुख्याने ग्रामीण जीवनाचे, व्यक्तिचित्रांचे किंवा प्रादेशिकतेचे पुस्तक म्हणून. गवत हे तिचे मध्यवर्ती पात्र आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि गवत काढून घेतल्यास त्या कादंबरीत काहीच घडू शकत नाही, हेही तितकेच खरे.

मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. ते जन्माने सोलापूरचे. २००६ मध्ये सोलापुरात भरलेल्या एकोणऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले तेही सोलापुरातच. वनखात्याच्या नोकरीत त्यांनी विदर्भातील अरण्ये पाहिली आणि तेथील रहिवाशांच्या तोंडचे शब्द मराठीत आणले. ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ असे शब्द दिले. पक्ष्यांच्या वस्तीच्या जागेला स्वतंत्र नाव असले पाहिजे, ही त्यांची जाणीव मराठीत जवळजवळ एकाकी आहे. परंतु त्यांच्या लेखनाचा मुख्य प्रदेश अरण्याचा. मराठी वाचकाने त्यांच्या हातून जंगल घेतले; सोलापूरचा माळ, जो त्यांच्या जन्मगावाच्या वेशीवर होता, तो वाचकाच्या कल्पनाशक्तीत तसाच उघडा राहिला. हा लेखकाचा दोष म्हणता येणार नाही. अरण्यलेखनाची जी परंपरा मराठीत रूढ झाली तिच्यात सावली ही सौंदर्याची पूर्वअट आहे, आणि माळावर सावली नसते.

शासकीय परिभाषेनेही हीच वाट धरली. ‘अभयारण्य’ हा सुंदर समास आहे. पण माळढोकाला ज्या अरण्याचे अभय दिले तेथे अरण्य नव्हते, आणि ज्यांच्या जमिनीवर ते दिले त्यांना अभय नव्हते. १९७९ च्या घोषणेचे क्रियापद पाहावे. जमीन ‘घेतली’ नाही, ‘संपादन केली’ नाही. क्षेत्र ‘घोषित केले’. घोषणेला मोबदला लागत नाही. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली, पण जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर अभयारण्याच्या नियमांची छाया पडली, आणि हक्कांचा निवाडा दशकानुदशके लांबला. ज्या व्यवहारात एका पक्षाला काहीच द्यावे लागत नाही आणि दुसऱ्याला काहीच मिळत नाही, त्याला व्यवहार म्हणणे कठीण आहे. माळढोक म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर येऊन बसलेली अडचण, अशी भावना त्या पट्ट्यात रुजली असेल, तर तिचे मूळ शेतकऱ्याच्या निसर्गद्वेषात शोधण्याचे कारण नाही.

या पार्श्वभूमीवर खरेदीचा विचार आकर्षक वाटतो, आणि तो टाकाऊ नाहीच. खरेदीत निदान किंमत मान्य केलेली असते. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात पामेला आणि अनिल मल्होत्रा या दांपत्याने १९९१ पासून सोडून दिलेल्या मळ्यांच्या जमिनी विकत घेत सुमारे तीनशे एकरांचे खासगी वन उभे केले. केरळात वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया या संस्थेने तिरुनेल्ली ते कुद्राकोटे या हत्तींच्या वाटेवरील जमिनी खरेदी करून ती वाट मोकळी केली, आणि त्या कामी वर्ल्ड लँड ट्रस्टचे साहाय्य होते. परंतु सोलापुरात एखाद्या गावच्या मंडळाने असाच निधी मिळवून माळाचे पन्नास एकर घ्यावयाचे ठरविले, तर काय होईल? महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८, याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास परवानगी लागते. नोंदणीकृत संस्था ही शेतकरी नव्हे. मग जमीन एखाद्या सभासदाच्या नावे घ्यावी, तर ती त्याच्या वारसांत वाटली जाणार. परदेशी देणगी २०१० च्या विदेशी अंशदान अधिनियमाखाली येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेस मिळालेली अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. मोठ्या संस्थेने पैसा मिळवावा आणि लहान संस्थेने जमीन सांभाळावी, ही या विचाराची मूळ साखळीच तेथे तुटते.

भाषेने येथे एक विनोद करून ठेवला आहे. जमिनीच्या एकत्रीकरणानंतर महाराष्ट्रात ‘गट’ म्हणजे जमिनीचा तुकडा झाला, गट क्रमांकाने ओळखला जाणारा. आणि बचत गटापासून शेतकरी गटापर्यंत ‘गट’ म्हणजे माणसांचा समूहही झाला. ‘स्थानिक गट’ म्हटले की मराठी कानाला जमीन आणि माणसे दोन्ही ऐकू येतात. कायद्याला मात्र या गटाच्या हाती तो गट देणे अद्याप जमलेले नाही. ‘अधिवास’ या शब्दाची कथाही अशीच. प्राणिशास्त्रात तो जीवाच्या राहण्याच्या परिसराला लावतात, आणि तहसील कचेरीत राहण्याच्या दाखल्याला. दाखला असणाऱ्याचा अधिवास पक्ष्याच्या अधिवासापेक्षा बळकट ठरतो, हे सांगावयास नकोच.

तरीही कायद्याची अडचण ही मुख्य अडचण नव्हे. समजा ती दूर झाली, आणि जमीन संस्थेच्या नावे झाली; तर माळ वाचेल काय? विकन फेनच्या उदाहरणातला जो भाग सहसा सांगितला जात नाही तो असा की, तेथील लव्हाळा पूर्वीप्रमाणे कापला जात राहणे हाच तेथील दुर्मीळ जीवसृष्टीचा आधार होता; नुसती मालकी बदलून कुंपण घातले असते तर तेथे झुडपे माजली असती. सोलापूरच्या माळाचेही तेच. अतिचराईने तो उजाड होतो आणि पूर्ण चराईबंदीने गवत दाट व उंच होऊन माळढोकाला गैरसोयीचे होते. त्याला हवा असतो तो माणसाने आणि जनावराने मापात वापरलेला माळ. धनगराला बाहेर ठेवणारी खरेदी ही म्हणून १९७९ च्या घोषणेची अधिक खर्चिक आवृत्ती ठरेल.

मराठीत या मापात वापरण्याला शब्द आहे, आणि तो परिभाषाकोशांतून नव्हे तर शेतातून घ्यावा लागतो. तो म्हणजे ‘राखण’. ‘राखीव’ आणि ‘राखण’ एकाच धातूपासून निघाले. पण राखीव हे जमिनीचे विशेषण आहे, ते कोणी तरी वरून लावते आणि त्यात कर्ता दिसत नाही. राखण ही क्रिया आहे. तिला करणारा लागतो, मुदत लागते आणि मोबदला लागतो. ज्वारी हुरड्यात आली की पाखरांपासून तिची राखण होते. गावच्या जागल्याला रात्रीच्या राखणीबद्दल धान्य मिळे. राखणदाराला कोणी मालक समजत नाही, आणि त्याचे काम फुकटचे आहे असेही कोणी समजत नाही. शेतात मेंढरे बसविण्याचा व्यवहार याच जातीचा आहे : रात्रभर कळप बसवून जमिनीला खत देणाऱ्या धनगराला शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. जमीन कोणाची हा प्रश्न त्यात उठत नाही. जमिनीसाठी कोणी काय केले, एवढाच हिशेब होतो.

निधी देण्याची योजना या शब्दावर उभी केली तर तिचे स्वरूप बदलते. कोकणात, जेथे रानाचा मोठा हिस्सा खासगी मालकीचा आहे, पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर परिसरातील मालकांशी रान न तोडण्याचे करार करून त्याचा मोबदला देण्याची पद्धत चालविली आहे. मालकी बदलत नाही, वापर बदलतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा गावाने २०१३ मध्ये त्याच्या उलट वाट धरली आणि महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४, याखाली आपापल्या जमिनी ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरविले. तेथे खरेदी नव्हतीच, दान होते. वनप्राणी संरक्षण कायद्यातही २००२ च्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव’ क्षेत्राची तरतूद आली, आणि ती लोकांनी आपण होऊन जमीन पुढे केल्यावरच लागू होते. फक्त पुढे करणाऱ्याला काय मिळावे याबद्दल ती अबोल आहे. यांपैकी कोणता मार्ग नान्नजला योग्य, याचा निर्णय नान्नजच्या शिवारातच व्हावा लागेल. मात्र गवताचा एकर राखणाऱ्यास दर वर्षी, गवत मोजून, द्राक्षाच्या नव्हे पण निदान कोरडवाहू ज्वारीच्या उत्पन्नाशी तुलना होऊ शकेल अशी रक्कम देणे, हा १९७९ पासून आजवर मोठ्या प्रमाणावर न झालेला प्रयोग आहे. आणि एकदाच पैसे मोजून मोकळे होणाऱ्या खरेदीपेक्षा तो अवघड आहे, कारण त्यात दर वर्षी माळाकडे जाऊन पाहावे लागते.

आणि पाहिलेले लिहिण्याचीही सोय करावी लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतातील पिकाची नोंद शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून करतो. ज्याने आपला माळ फोडला नाही, कुसळी आणि पवन्या राखला, चराईचे माप सांभाळले, त्यालाही त्या जमिनीची नोंद करावयाची असते. त्याच्यासमोर येणारे शब्द दोन : चालू पड किंवा कायम पड.